फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शाळा

मुलांनो, आजारी नातेवाइकाला भेटायला तुम्ही कधी तरी मोठ्या रुग्णालयात गेला असाल. तेथे एखाद्या अनुभवी नर्सच्या मागोमाग चालणाऱ्या तीन-चार मुली तुम्ही पाहिल्या असतील. नर्स रोग्याची नाडी बघते, तेव्हा त्याही बघतात. ती पट्टी बदलते, तेव्हा त्या हातात ट्रे धरून उभ्या राहतात. त्या शिकाऊ परिचारिका असतात. आता त्यांच्यात मुलगेही असतात. नुसते वर्गात बसून हे काम येत नाही, म्हणून त्यांना वॉर्डात पाठवतात. ही पद्धत नीट बसावी म्हणून जिने जन्मभर धडपड केली, त्या बाईची ही हकीकत आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचे नावच तिला ठेवले. आईवडील इंग्लंडचे, घर श्रीमंत. वडिलांनी तिला घरीच अनेक भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. तिला गणिताचीही फार आवड होती. पण तिच्या मनाने वेगळेच घेतले होते. तिला रोग्यांची सेवा करायची होती.

आज हे ऐकून तुम्हांला नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र इंग्लंडमधील रुग्णालये घाणेरडी असत. ज्यांना घरी उपचार करून घेणे परवडत नाही, असे गरीब लोकच तेथे जात. तेथे काम करणाऱ्या बायकांना कोणी काही शिकवलेले नसे आणि समाजात त्यांना मान नव्हता. १८४५ मध्ये फ्लॉरेन्सने जवळच्या सॉल्झबरी गावच्या रुग्णालयात काही महिने राहून काम शिकण्याची परवानगी मागितली. घरात एकच गोंधळ उडाला. आई रागावली. परवानगी मिळाली नाही. मग फ्लॉरेन्स पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचू लागली. पण वाचून मलमपट्टी येते का? पोहण्याचे पुस्तक वाचून कोणाला पोहता येते का?

शेवटी १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिला जर्मनीतील कायझरव्हर्थ या गावी तीन महिने शिकायला मिळाले. तेथील बायका मनोभावे सेवा करत. मात्र स्वच्छता आणि शुश्रूषेचे शिक्षण या बाबतींत ती जागा कच्चीच होती, असे तिचे मत झाले. १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला होते, तर रशिया दुसऱ्या बाजूला. इस्तंबूलसमोर उस्कुदार येथे तुर्की सैन्याची एक भलीमोठी छावणी होती. इंग्रज लोक या गावाला स्कुटारी म्हणत. त्या इमारतीत इंग्रजांनी रुग्णालय केले होते. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स ३८ स्त्रियांना घेऊन तेथे पोचली. रात्री ती हातात दिवा घेऊन रोग्यांमधून फिरे, हे तुम्ही ऐकले असेल. चित्रांत तो दिवा बहुधा चुकीचा काढतात. तो तेलाच्या पणतीसारखा नव्हता. तो तुर्की घडीचा कंदील होता, म्हणजे फानूस. हा शब्द तर तुमच्या घरचाच!

पण त्या दिव्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बरोबर आलेल्या स्त्रियांपैकी काही जोगिणी होत्या, काही रुग्णालयांत काम केलेल्या होत्या. काहींना ते काम झेपले नाही. काहींना दारूच्या व्यसनामुळे परत पाठवावे लागले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि माणसे जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मरत होती. १८५५ च्या मार्चपासून सरकारी आयोगाने गटारे साफ करवली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने कमी झाले. मन चांगले असले तरी हात तयार नसतील, तर रोग्याचा जीव वाचत नाही, हे फ्लॉरेन्सने तेथे पाहिले.

तिच्या सन्मानार्थ लोकांनी सुमारे ४५,००० पौंड जमवले. अनेक सैनिकांनी आपला एका दिवसाचा पगार दिला. त्या पैशांतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. राहणे, जेवण व गणवेश मोफत, शिवाय वर्षाला १० पौंड. शिक्षण एका वर्षाचे, तेही वॉर्डात. जखम बांधणे, पोटीस लावणे, अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला कूस बदलून देणे, त्याच्या पाठीला जखमा होऊ न देणे, पेज करणे, खिडक्या केव्हा उघडाव्या हे ओळखणे, अशी कामे त्या शिकत. प्रत्येकीचा दरमहा तक्ता भरला जाई. कोणते काम किती येते, वागणूक कशी आहे, वेळ पाळते का, हे सारे त्यात नोंदवत.

शाळेचे नाव झाले. १८६५ मध्ये हिंदुस्थानातील रुग्णालयांतही शुश्रूषेची व्यवस्था कशी असावी, याच्या सूचना फ्लॉरेन्सने लिहिल्या. ती स्वतः मात्र येथे कधीच आली नाही. १८६८ मध्ये लूसी ऑसबर्न ही परिचारिका पाच सोबतिणींसह ऑस्ट्रेलियातील सिडनीला गेली.

हकीकत येथेच संपली असती, तर ती फार सोपी झाली असती. युद्धानंतर फ्लॉरेन्स सतत आजारी असे. बहुतेक काम ती अंथरुणातूनच करी. शाळेचा रोजचा कारभार रुग्णालयाच्या मेट्रन श्रीमती वॉर्ड्रोपर पाहत. १८७१ मध्ये रुग्णालय थेम्स नदीकाठच्या मोठ्या इमारतीत गेले. त्यानंतर फ्लॉरेन्सने शाळेची बारकाईने चौकशी केली, तेव्हा तिला धक्काच बसला. मुलींना शिकवण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांनी व्याख्याने देणे जवळजवळ सोडूनच दिले होते. वॉर्डातील काही सिस्टर स्वतःच शिकलेल्या नव्हत्या, मग त्या काय शिकवणार? रोगी पुष्कळ आणि हात कमी, त्यामुळे शिकाऊ मुलींना दिवसभर कामाला जुंपले जाई. काम होत होते, शिक्षण होत नव्हते. तुम्हीच सांगा, वर्षभर फक्त भांडी घासणाऱ्या मुलाला स्वयंपाक येईल का?

आपल्याच नावाच्या शाळेतील दोष दिसले, तर पुष्कळ माणसे ते झाकतात. फ्लॉरेन्सने ते झाकले नाहीत. जुन्या डॉक्टरांच्या जागी जॉन क्रॉफ्ट या शस्त्रवैद्यांची नेमणूक झाली. त्यांनी नियमाने व्याख्याने सुरू केली. मुलींचा अभ्यास घेण्यासाठी वसतिगृहात एक वेगळी सिस्टर नेमली. आणि फ्लॉरेन्स स्वतः शिकाऊ मुलींना एकेक करून घरी बोलावू लागली. कोण काय शिकली, कोणाला वॉर्डात काय अडचण आली, हे ती विचारी आणि प्रत्येकीविषयी टिपण ठेवी. १८७२ पासून ती मुलींना उद्देशून लांबलचक पत्रेही लिहू लागली. ती पत्रे सर्वांना वाचून दाखवत.

१९०७ मध्ये ब्रिटनच्या राजाने तिला 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मोठा सन्मान दिला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये तिचे निधन झाले. तिची शाळा आज लंडनच्या किंग्ज कॉलेजचा एक भाग आहे. तेथील विद्यार्थी अजूनही वॉर्डात जाऊन शिकतात.