हातांना काम देणाऱ्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस विरळा. त्यांची विद्वत्ता व त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु निराधारांना केवळ आसरा नव्हे, तर कामही हवे असते, हे त्यांनी ओळखले होते. त्याकडे आपले लक्ष कमी जाते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. दुष्काळात आईबाप गेले. १८८० साली विवाह झाला आणि १८८२ साली वैधव्य आले. वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. शरीराच्या उणिवेने मनुष्याचे काम कसे हिरावले जाते, हे त्यांनी स्वतः भोगले. तरी त्या हात जोडून बसल्या नाहीत. चेल्टनहॅम येथे त्या संस्कृत शिकवू लागल्या. पुढे १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांनी फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. लाकडी ठोकळे, कागद, माती हाताळता हाताळता मूल शिकते, हे तिचे सार.

मायदेशी परतून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९७ साली मध्य प्रांतातील दुष्काळातून आणि १९०० साली गुजरातेतील छप्पनियाच्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया तेथे आणल्या. कोणी हाडांचा सापळा झालेली, कोणी आंधळी, कोणी भयाने मुकी झालेली.

अशांना अन्नवस्त्र देऊन थांबणे सोपे होते. रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. त्यांनी हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती व छापखाना चालू केला. खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. आंधळ्यांच्या सदनाला बार्तीमयाचे नाव होते. रस्त्याच्या कडेला बसून भीक मागणारा तो बार्तीमय उठून चालू लागला, हे शाब्बाथ शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून आंधळ्यांना वाचावयास शिकवले. या स्त्रिया टोपल्या विणू लागल्या, आणि त्यांतील काही पुढे इतरांच्या शिक्षिका झाल्या.

मनोरमाबाई १९२१ साली वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या.

कामातून माणसाला पुन्हा उभे करण्याच्या या विद्येला आज व्यवसायोपचार म्हणतात. अमेरिकेत तिची राष्ट्रीय संस्था १९१७ साली स्थापन झाली. भारतात तिचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काढले. व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम विचारतो, या माणसाला काय करावेसे वाटते? मग त्याप्रमाणे तो साधने बदलतो. बोटे वळत नसतील तर चमच्याची मूठ जाड करतो, उठणे जड असेल तर खुर्ची उंच करतो.

त्या काळी गुजरातेतून अनाथ केडगावी आले. आज पोटासाठी आपली कितीतरी मराठी कुटुंबे गुजरातेत राहतात. सुरतेच्या पर्वत पाटियासारख्या वस्तीत मुले कामावर गेली की म्हातारी माणसे दिवसभर एकटी असतात. काहींना वृद्धाश्रमात राहावे लागते. शिक्षक बंधुभगिनींनो, अशांना भेटावयास जाताना फळे जरूर न्या. पण आजीबाईंना हेही विचारा की त्यांच्या हातांना काय येते. नाताळच्या तारा चिकटवणे, भाजी निवडणे, मुलांना गोष्ट सांगणे, जे जमेल ते त्यांच्या मर्जीने व शक्तीप्रमाणे करू द्या. काम थोडे असले तरी चालेल. आपली कोणाला तरी गरज आहे, हे त्यांना त्यातून कळते.