हिरव्या रेषेचा वेध घेणारे नायगमवाला

दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांचा शोध घेताना आजचे शास्त्रज्ञ ज्या हिरव्या वर्णरेषेवर भिस्त ठेवतात, तिचा अचूक वेध सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात घेतला गेला होता. तो घेणारे होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ मध्ये जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि तेथेच अध्यापक झाले. प्रकाशाचे पृथक्करण करून पदार्थ ओळखणारे वर्णपटशास्त्र हा त्यांचा ध्यास होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. सरकारनेही तेवढीच भर घातली. पुढे नायगमवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. तेथे १८८८ मध्ये महाराजांच्या नावाने वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण पुढील अनेक दशके देशातील सर्वांत मोठी ठरली.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती उल्कांमधील मॅग्नेशियममुळे उमटते, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. तसे असते, तर रेषेची एक कड पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांना मात्र ती प्रत्येक वेळी रेखीव दिसली. लॉकियर यांच्या दबदब्याची तमा न बाळगता त्यांनी १८९१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सिद्ध केले.

१९४३ मध्ये कार्ल सेफर्ट यांनी अभ्यासलेल्या सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रांतही ही रेषा प्रखर आढळली. कृष्णविवरालगतच्या वायूतून क्ष-किरण बाहेर पडतात. दाट धूळ व वायू ते अडवतात. दूरवरच्या वायूतील हिरवी रेषा मात्र दिसत राहते. दोहोंची तुलना केली की दडलेल्या केंद्राचा सुगावा लागतो.

१८९८ मध्ये नायगमवालांनी जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहणाचेही वेध घेतले. परंतु वेधशाळेचा सारा भार एकाच व्यक्तीवर होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ स्थापन झाली. २०१५ मध्ये क्ष-किरण टिपणारा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला. पुण्यात खंडित झालेला धागा पुन्हा जुळायला पाऊणशे वर्षे लागली.