माचिको हासेगावा

माचिको हासेगावा (३० जानेवारी १९२० – २७ मे १९९२) या जपानी मांगा चित्रकार होत. त्यांचा जन्म सागा प्रांतातील ताकू येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर कुटुंब टोकियोस आले. तेथे किशोरवयातच त्यांनी सुइहो तागावा यांचे शिष्यत्व पत्करले.

युद्धोत्तर टंचाईच्या काळात, २२ एप्रिल १९४६ रोजी, फुकुओकातील एका सायंदैनिकात त्यांची ‘साझाए-सान’ ही मालिका सुरू झाली. साझाए म्हणजे एक समुद्री शंख. नायिका धांदरट, पण कोणापुढे न दबणारी. तत्कालीन वाचकांना हे नवेच होते. पुढे फुकुओकाचे घर विकून मायलेकींनी टोकियोत स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पहिला खंड मोठ्या आकारामुळे दुकानांच्या फळ्यांवर मावेना व परत येऊ लागला. लहान आकाराचा दुसरा मात्र हातोहात खपला. ‘असाही शिंबुन’मधून ही मालिका १९७४ पर्यंत चालली.

१९५६ ते १९६१ या काळात चिएमी एरी यांच्या भूमिकेने गाजलेले दहा चित्रपट तिच्यावर निघाले. पात्रांच्या हक्काबाबत माचिको कठोर होत्या. बसगाड्यांवर विनापरवाना चित्रे रंगवणाऱ्या कंपनीविरुद्धचा दावा त्यांनी १९७६ मध्ये जिंकला. भरल्या घराच्या या चित्रकर्तीने स्वतः विवाह केला नाही. त्यांच्या इच्छेनुसार निधनाची वार्ता सुमारे महिन्याने जाहीर झाली.