डॉ. मॅरियन सिम्स आणि चांदीची तार

थोरांची चरित्रे वाचताना त्यांचे यश कोणाच्या सोसण्यावर उभे राहिले, हेही पाहावे, असे आम्हांस वाटते. म्हणून डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांचे चरित्र आम्ही या अंकी सुवर्णकार बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

सिम्स यांचा जन्म १८१३ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात झाला. १८३५ साली फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेऊन ते पुढे अलाबामातील माँटगोमेरी येथे व्यवसाय करू लागले. त्या काळी प्रसूती फार वेळ अडून राहिली म्हणजे मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडद्यास छिद्र पडे, मूत्र अखंड गळे आणि ती अभागिनी चारचौघांत बसण्यास पारखी होई. व्रणापर्यंत दृष्टीच पोहोचत नसल्याने उपाय सुचत नसे. १८४५ साली सिम्स यांनी कथिलाच्या चमच्याचा दांडा वाकवून तपासणी केली आणि व्रण स्पष्ट दिसला. त्यातूनच त्यांच्या नावाचे स्पेक्युलम निर्माण झाले. स्त्रीरोगतज्ज्ञ ते आजही वापरतात.

व्रण दिसला, पण टाके टिकेनात. रेशमी धाग्याभोवती जखम चिघळे. तेव्हा सिम्स यांनी एका जवाहिऱ्याकडून चांदीची बारीक तार करून घेतली. १८४९ साली त्या तारेने घातलेले टाके टिकले व जखम भरून आली. आपल्या धंद्यातील एका अज्ञात हाताचा हा वाटा वाचून आम्हांस अभिमान वाटला.

परंतु पुढची हकीकत वाचून मान खाली जाते. हे प्रयोग झाले ते गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर. अनार्चा, बेट्सी व लूसी एवढीच नावे आज ज्ञात आहेत. गुलामास नकार देण्याचा अधिकार नव्हता. १८४६ साली ईथरची भूल जगापुढे आली, तरी या शस्त्रक्रिया भुलीवाचूनच चालल्या. एकट्या अनार्चेवर सुमारे ३० झाल्या. साहाय्यक डॉक्टर सोडून गेले, तेव्हा या स्त्रियाच शस्त्रक्रियेत हातभार लावीत.

१८५५ साली सिम्स यांच्या प्रयत्नाने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचे रुग्णालय निघाले. १८७६ साली ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १८८३ साली ते निवर्तले. न्यूयॉर्कमधील त्यांचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला. २०२१ साली माँटगोमेरीत त्या तिघींचे स्मारक उभे राहिले.

सिम्स यांची बुद्धी थोर होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण आपल्या लेकीसुनांना ज्या विद्येचा लाभ होतो, तिचे मोल त्या तिघींनी भरले आहे. त्यांचे ऋण आपण विसरू नये, एवढीच आमची विनंती.