मुलांनी कोणत्या भाषेत शिकावं? तळेगावच्या ‘समर्थ विद्यालया’चे प्रा. विजापूरकर यांची गोष्ट

तळेगाव दाभाडे म्हटलं की आज एमआयडीसी, चाकण रस्त्यावरची वाहतूक आणि पुण्याची लोकल आठवते. पण शंभर वर्षांपूर्वी हे गाव स्वदेशी चळवळीमुळे ओळखलं जायचं. पैसा फंडातून उभा राहिलेला काच कारखाना इथे १९०८ मध्ये सुरू झाला. त्याच काळात इथे एक शाळाही होती, समर्थ विद्यालय. ती उभी करणारे होते प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर.

विजापूरकरांचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा. पुढे ते तिथल्याच राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले.

अडचण नेमकी काय होती?

त्या काळी मूल प्राथमिक शाळेत मराठीत शिकायचं. हायस्कूलात गेलं की इतिहास, भूगोल, गणित सगळं इंग्रजीतून. धडा वाचता यायचा, पण समजायचा नाही. मग उपाय एकच, पाठांतर. विषय शिकण्याऐवजी मुलाची सगळी शक्ती परक्या भाषेशी झगडण्यात जायची.

विषय मातृभाषेतून शिकवावेत आणि इंग्रजी ही एक भाषा म्हणून शिकवावी, असं विजापूरकरांचं मत होतं. यावर विरोधकांचा प्रश्न असायचा की मराठीत पुस्तकं आहेत कुठे? विजापूरकरांनी या प्रश्नाला वादाने नाही, कामाने उत्तर दिलं. १८९४ मध्ये त्यांनी ‘ग्रंथमाला’ हे मासिक सुरू केलं. वेगवेगळ्या विषयांवरची मराठी पुस्तकं त्यात क्रमाक्रमाने छापली जात. इतिहास संशोधक वि. का. राजवाडे यांच्या लेखनालाही तिथे जागा मिळाली.

आधी पुस्तकं, मग शाळा

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. याच सुमारास समर्थ विद्यालय कोल्हापुरात सुरू झालं आणि पुढे तळेगावात आलं. मराठीतून शिक्षण आणि पुस्तकी अभ्यासाला उद्योगाची जोड, अशी तिथली रीत होती.

पालकांची काळजीही खोटी नव्हती. नोकरी मॅट्रिकवर मिळायची आणि राष्ट्रीय शाळांना सरकारी मान्यता नसायची. मुलाला अशा शाळेत घालणं म्हणजे त्याच्या भवितव्याचा धोका पत्करणं होतं.

१९०८ मध्ये विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख आला. सरकारने तो राजद्रोही ठरवला आणि विजापूरकरांना तुरुंगवास झाला. ते तुरुंगात असतानाच, १९१० मध्ये, सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडलं.

सुटून आल्यावर त्यांनी हार मानली नाही. तळेगावातच पुन्हा शाळा उभी केली. १९२६ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग वाद मिटला का?

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात मराठीतून उच्च शिक्षण दिलं गेलं. पुढे शालान्त परीक्षाही मराठीतून देता येऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं सुचवलं आहे.

तरीही शाळाप्रवेशाच्या दिवसांत घरोघरी तीच चर्चा होते, मराठी माध्यम की इंग्रजी? नोकरीची काळजी तेव्हाही खरी होती, आजही आहे. मात्र निर्णय घेताना विजापूरकरांचा मुद्दा तपासून पाहायला हरकत नाही. मुलाने धडा घडाघडा वाचून दाखवला, की पुस्तक मिटून त्याला तो आपल्या शब्दांत सांगायला लावावं.