‘शिरोडकर टाका’ देणारा शल्यविशारद

जगातील कोणत्याही प्रसूती विभागात ‘शिरोडकर’ एवढा एक शब्द उच्चारला, तरी तेथील डॉक्टरांना अधिक काही सांगावे लागत नाही. गर्भवतीच्या गर्भाशयाच्या मुखाला घातला जाणारा विशिष्ट टाका या नावाने ओळखला जातो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव सत्तर वर्षे टिकून आहे. मात्र हा शब्द रोज वापरणाऱ्यांपैकी अनेकांना तो गोव्यातील एका गावाशी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी जोडलेला आहे, याची कल्पना नसते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे आयुष्य एका टाक्यापुरते मर्यादित नव्हते. मूल न होणे किंवा न टिकणे हा नशिबाचा भोग मानला जात असलेल्या काळात त्यांनी त्याकडे शरीरातील दुरुस्त करता येण्याजोगा दोष म्हणून पाहिले.

शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अंमलाखाली होता. शिक्षणासाठी आणि उपजीविकेसाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोमंतकीय घराण्यांतील मुलांप्रमाणे तेही मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाले. प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयात त्यांनी १९२७ मध्ये एम. डी. ही पदवी मिळवली. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये ते शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजचे ‘एफ. आर. सी. एस.’ झाले. हे शिक्षण शल्यचिकित्सेचे होते, ही बाब महत्त्वाची आहे. स्त्रीरोगाकडे ते आयुष्यभर शल्यविशारदाच्या नजरेने पाहत राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांनी जे. जे. रुग्णालयात काम सुरू केले. १९४१ ते १९५५ या काळात ते ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये या विषयाचे प्राध्यापक होते.

त्या काळी मूल नसलेल्या स्त्रीची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. ‘वांझ’ हा शब्द तिच्या नावाला चिकटत असे. ओटी भरण्याला, बारशाला, डोहाळजेवणाला तिला टाळले जाई. नवस, उपास, गंडेदोरे, अंगारे या साऱ्यांतून तिला जावे लागे. दोष पतीत असू शकतो, हा विचारही बहुतेक घरांत शिवत नसे. मूल होत नाही एवढ्या कारणावरून सवत आणली जाई आणि त्यात कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा १९४६ मध्ये झाला. संपूर्ण देशासाठी तशी तरतूद करणारा हिंदू विवाह कायदा येण्यास १९५५ साल उजाडले. म्हणजे जे. जे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उपचारांसाठी येणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या दृष्टीने प्रश्न अपत्याचा तर होताच, पण घरातील आपल्या जागेचाही होता.

त्यांतल्या एका गटाची व्यथा वेगळी होती. या स्त्रियांना दिवस राहत. डोहाळे लागत, पोट दिसू लागे आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येताच, सारे संपून जाई. पुढच्या खेपेसही तेच घडे. काहींच्या बाबतीत हे चार-पाच वेळा झालेले असे. गर्भात दोष नसे, आईची प्रकृतीही ठणठणीत असे. या वारंवार होणाऱ्या गर्भपातांवर त्या काळी मुख्यतः सक्तीची विश्रांती आणि औषधे यांचाच अवलंब होई. दैव आणि दृष्ट यांचा हवाला घरोघर दिला जाईच.

शिरोडकरांनी या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाकडे लक्ष वळवले. निरोगी अवस्थेत गर्भाशयाचे मुख नऊ महिने घट्ट मिटलेले असते आणि प्रसूतीच्या वेळीच उघडते. काही स्त्रियांमध्ये मात्र त्याचा आतला, गर्भाशयाला लागून असलेला भाग जन्मतः कमकुवत असतो. कधी आधीच्या अवघड बाळंतपणात तो फाटलेला असतो, तर कधी एखाद्या शस्त्रक्रियेत जोराने रुंद केल्याने निकामी झालेला असतो. गर्भ वाढू लागला, त्याचे वजन आणि गर्भजलाचा दाब वाढला, की हे ढिले मुख हळूहळू उघडते. गर्भजलाची पिशवी खाली उतरते, फुटते आणि गर्भ बाहेर येतो. कळा येत नाहीत, कारण मुख उघडण्यासाठी गर्भाशयाला जोर लावावाच लागत नाही.

मुखाचा ढिलेपणा त्यांच्याआधीही काहींनी ओळखला होता. अमेरिकेत लॅश यांनी १९५० मध्ये त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले होते; परंतु ती स्त्री गर्भवती नसताना करावी लागे. शिरोडकरांनी गर्भारपण चालू असतानाच मुख बांधण्याचा मार्ग स्वीकारला. त्यासाठी धाडस लागत होते. ज्या गर्भाला धक्का लागू नये म्हणून डॉक्टर तपासणीही जपून करीत, त्याच्या अगदी उंबरठ्यावर सुरी आणि सुई चालवायची होती.

पद्धत अशी होती. साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर योनिमार्गातून ही शस्त्रक्रिया केली जाई. गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूस छेद घेऊन मूत्राशय अलगद वर सरकवले जाई. मागच्या बाजूसही छोटा छेद घेतला जाई. मग अस्तराच्या आतून, मुखाच्या आतल्या टोकाच्या पातळीवर, सभोवार एक पट्टी ओवून ती बेताने आवळली जाई. ही पट्टी सुरुवातीला शिरोडकर त्या स्त्रीच्या स्वतःच्या मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणातून काढून घेत. स्वतःच्याच शरीरातील असल्याने ती सहज सामावली जाई. पुढे शरीरात न विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या फिती मिळू लागल्या आणि मांडीवरचा छेद टळला. दिवस भरत आले की टाका कापला जाई आणि प्रसूती नैसर्गिक मार्गाने होई. किंवा टाका तसाच ठेवून पोटावरील शस्त्रक्रियेने मूल बाहेर काढले जाई.

या शस्त्रक्रियेची माहिती त्यांनी १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या नियतकालिकात न छापलेला हा लेख पुढे जगभरच्या संशोधकांच्या संदर्भसूचीत जाऊन बसला. ऑस्ट्रेलियातील डॉ. इयान मॅक्डोनाल्ड यांनी १९५७ मध्ये याच तत्त्वावरचा एक सोपा टाका मांडला. त्यात अस्तर उकलावे लागत नाही. बटव्याच्या नाडीप्रमाणे धागा मुखाभोवती ओवून आवळला जातो. आज करायला सोपा म्हणून मॅक्डोनाल्ड टाका अधिक वापरला जातो. मुख फार आखूड किंवा फाटलेले असेल आणि टाका वरच्या पातळीवर घ्यायचा असेल, तर शिरोडकर पद्धत उपयोगी पडते.

गर्भ टिकवण्याइतकेच शिरोडकरांचे लक्ष गर्भ राहण्याच्या प्रश्नाकडेही होते. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट ज्या गर्भनलिकेत होते, ती जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर लांबीची असते. गर्भाशयाजवळ तिचा मार्ग मिलिमीटरभरही रुंद नसतो. जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात, बाळंतपणानंतरचा ताप आणि विशेषतः आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग यांमुळे हा मार्ग बंद होतो. नलिका बंद आहे की उघडी, हे कळण्याचे साधन विसाव्या शतकातच हाती आले. न्यूयॉर्कचे डॉ. इसिडोर रुबिन यांनी १९१९ मध्ये वायू सोडून तपासण्याची पद्धत शोधली आणि पुढच्या दशकात क्ष-किरण चित्रांची त्यात भर पडली. अडथळा कुठे आहे हे दिसू लागले. तो दूर कसा करायचा, हा प्रश्न उरला.

शिरोडकरांनी बंद नलिका शस्त्रक्रियेने उघडण्याच्या कामात अनेक वर्षे घालवली. त्यासाठी स्वतः उपकरणे घडवली, पद्धती बदलून पाहिल्या आणि आपले अनुभव लेखांतून मांडले. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची आणि केसाहून बारीक धाग्यांची सोय तेव्हा नव्हती. नलिका उघडणे जमले, तरी जखम भरताना ती पुन्हा चिकटून बंद होण्याचा धोका मोठा असे. क्षयाने नलिकेचे अस्तरच खाल्ले असेल, तर ती उघडूनही उपयोग होत नसे. उघडलेल्या नलिकेतच गर्भ रुजून स्त्रीच्या जिवावर बेतण्याची भीतीही असे. यश मर्यादित असलेले हे क्षेत्र होते. तरीही दुसरा कोणताच इलाज नसलेल्या स्त्रियांसाठी तीच एक वाट होती.

अंग बाहेर येण्याच्या विकारावरील त्यांच्या शस्त्रक्रियांतही हाच विचार दिसतो. तेव्हा रूढ असलेल्या मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा काही भाग कापून टाकला जाई. त्यामुळे पुढे गर्भ राहणे आणि टिकणे दोन्ही कठीण होई. तरुण स्त्रियांचे मुख शाबूत राखून विकार बरा करण्याची पद्धत शिरोडकरांनी बसवली. गर्भाशयाला आतून आधार देणारी त्यांची पट्टीची शस्त्रक्रियाही मातृत्वाची शक्यता राखण्यासाठीच होती.

असा हा माणूस कुटुंबनियोजनाच्या चळवळीत आघाडीवर होता, याचे वरवर पाहता नवल वाटते. धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया’च्या संस्थापकांमध्ये शिरोडकर होते. मुंबईत संततिनियमनाचे काम तेव्हा अगदीच नवे नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच ते सुरू केले होते आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली होती. शिरोडकरांसारख्या नामवंत प्राध्यापकाने त्याच कार्याला आपले नाव जोडणे, हे कर्व्यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेनंतर समाज किती पुढे सरकला होता याचे चिन्ह होते. जे. जे.च्या कक्षांत आठवे-नववे बाळंतपण सोसून रक्तहीन झालेल्या स्त्रिया येत, तशाच एका मुलासाठी तळमळणाऱ्याही येत. दोघींचेही शरीर त्यांच्या इच्छेविना राबवले किंवा दूषणास पात्र ठरवले जात होते. एकीला गर्भ नको असताना तो टाळता यावा आणि दुसरीला हवा असताना तो टिकावा, या दोन्हींसाठी झटण्यात विसंगती नव्हती.

त्यांच्या शस्त्रक्रियांचा संग्रह असलेला ग्रंथ १९६० मध्ये एडिंबरा येथून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७१ च्या जानेवारीत पद्मविभूषण जाहीर झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, ७ मार्च १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांतच वंध्यत्वचिकित्सेचे चित्र पालटले. आधी सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियांनी नलिकांवरील उपचारांचे यश वाढवले. मग २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिच्या आईच्या नलिका बंद होत्या. नलिका उघडण्याऐवजी तिला वळसा घालून बीज व शुक्राणू यांची भेट प्रयोगशाळेत घडवण्यात आली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तसाच प्रयोग यशस्वी केल्याचे जाहीर केले. पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. शिरोडकर ज्या परळ-भायखळ्याच्या परिसरात नलिकांशी झुंजले, तेथून हे रुग्णालय फार दूर नाही.

नलिकांवरील त्यांच्या शस्त्रक्रिया आता इतिहासजमा झाल्या आहेत. टाका मात्र उरला आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत. जगभर तो कधी गरजेपेक्षा जास्त घातला गेला. म्हणून त्याची कसोटी घेण्यात आली. १९९३ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १२९२ स्त्रियांचा समावेश होता. ज्यांचे गर्भ किंवा अपुऱ्या दिवसांची बाळे तीन वा अधिक वेळा अशीच गेली होती, त्यांना टाक्याचा स्पष्ट लाभ झाल्याचे तीतून दिसले. इतरांबाबत फायदा तितका स्पष्ट नव्हता. म्हणजे शिरोडकरांनी ज्या स्त्रियांसाठी टाका योजला होता, नेमका त्यांनाच तो सर्वाधिक उपयोगी पडतो.

आज वंध्यत्वावरील प्रगत उपचारांची केंद्रे पुण्या-मुंबईपलीकडे सोलापूर, लातूरपर्यंत पोचली आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या नियमनाचा कायदाही झाला. तरी धाराशिव जिल्ह्यातील माकणीसारख्या गावातील जोडप्याला या केंद्रांपर्यंतचे हेलपाटे आणि एका प्रयत्नाला लाखाच्या पुढे जाऊ शकणारा खर्च सहज पेलणारा नाही. अपयश आले तर बोल अजूनही बहुतेक वेळा सुनेलाच लागतो. गर्भाशयमुखाच्या टाक्याला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. जाणता स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देण्याची सोय आणि साधे शस्त्रक्रियागृह एवढे पुरते. सातत्याने चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गमावणाऱ्या स्त्रीला वेळेत तिथवर नेणारे कोणी असेल, तर तिच्या उपचारांच्या कागदावर आजही ‘शिरोडकर’ हा शब्द लिहिला जातो. तो माणूस कोण होता हे त्या घराला ठाऊक नसले, तरी त्याच्या कामाचे फळ पाळण्यात हसत असते.