हो आणि नाही यांच्या मधली किंमत

समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्याकडे पाठवण्याआधी पाण्यातच उभारलेल्या उपकेंद्रात गोळा करतात आणि तिचे व्होल्टेज वाढवतात. असे पहिले उपकेंद्र 2002 मध्ये डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात उभे राहिले. तिथला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला कधी घ्यायचा? तो पुरता चांगला किंवा पुरता बिघडलेला क्वचितच असतो. अशा अधल्यामधल्या अवस्थांचा हिशेब फझी लॉजिक करते. त्या विचाराची एक जुनी वाट पोलंडच्या यान वुकाशेविच यांच्यापाशी जाते.

वुकाशेविच यांचा जन्म 1878 चा, ल्विवचा. तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. पुढे वॉर्सा विद्यापीठात शिकवताना त्यांना ॲरिस्टॉटलचा एक जुना पेच छळू लागला: उद्या समुद्रात लढाई होईल, हे विधान आज खरे की खोटे? आजच खरे असेल तर उद्याचे सारे आधीच ठरलेले, मग माणसाने काही ठरवायचे उरतेच कुठे? वुकाशेविच यांना हे मान्य नव्हते. 1920 मध्ये त्यांनी खरे म्हणजे 1 आणि खोटे म्हणजे 0 यांच्या जोडीला तिसरी किंमत मांडली, अर्धी. दोनच वर्षांत 0 ते 1 मधल्या अगणित किमतींचे तर्कशास्त्रही त्यांनी पुढे आणले.

दरम्यान ते 1919 मध्ये पोलंडचे शिक्षणमंत्री झाले, पुढे दोनदा विद्यापीठाचे रेक्टर. कंसांशिवाय सूत्रे लिहिण्याची त्यांची पद्धत उलटी करून एचपीचे कॅल्क्युलेटर चालत. ते वापरलेले अभियंते आपल्याकडेही असतील. वुकाशेविच हे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक.

सप्टेंबर 1939 मध्ये बॉम्बहल्ल्यात त्यांचे घर जळाले आणि ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते गेली. जुलै 1944 मध्ये, वॉर्सातील उठावाच्या काही दिवस आधी, म्युन्स्टरचे तर्कशास्त्रज्ञ हाइनरिख शोल्झ यांच्या मदतीने ते पत्नी रेगिना यांच्यासह जर्मनीत गेले. शत्रुदेशाचा आसरा घेतल्याबद्दलचे प्रश्न त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाहीत. 1946 मध्ये आयर्लंडने त्यांना बोलावले. ॲरिस्टॉटलवरचे त्यांचे पुस्तक डब्लिनमध्येच पुरे झाले आणि 1951 साली प्रसिद्ध झाले. 1956 मध्ये तिथेच ते वारले. मायदेशी परतले नाहीत.

त्यानंतर नऊ वर्षांनी अमेरिकेत लोत्फी झादे यांनी फझी संचांवरचा लेख प्रसिद्ध केला. ते संचांच्या वाटेने आले होते. पण ‘आणि’साठी लहान किंमत घ्यायची, ‘नाही’साठी 1 मधून वजाबाकी करायची, ही रीत दोघांची सारखीच.

उपकेंद्रावर ती अशी लागू पडते. ट्रान्सफॉर्मर आत कुठे जास्त तापला की तेलात वायू तयार होऊन विरघळतात. समजा, ‘वायू वाढलेत’ हे 0.7 इतके खरे आहे आणि ‘समुद्र शांत आहे’ हे 0.4. नियम असा: वायू वाढलेत आणि समुद्र शांत आहे, तर माणसे पाठवा. दोन्हींतली लहान किंमत 0.4, म्हणजे आज घाई नको. गुरुवारच्या अंदाजात ‘समुद्र शांत’ 0.9 असेल आणि वायू तेवढेच राहिले, तर उत्तर 0.7 येते, आणि बोट गुरुवारी निघते.